दुसरा धूर

आमच्या घरात भीतीची दिशा ठरलेली होती. भ्यायचं ते पश्चिमेला. राजोडीतलं आमचं घर किनाऱ्याच्या इतकं जवळ होतं, की उधाणाच्या दिवसांत मागच्या पडवीत भाजी निवडायला बसलं तर पाण्याचा आवाज थेट कानामागून यायचा, आणि तरी घरात बसून आम्ही कधी भ्यालो नाही. भीती पाण्यावर गेलेल्यांची. बाबा आणि थोरला दादा सायमन पहाटे होडी घेऊन निघाले की आई चुलीपाशी उभ्याउभ्याच क्रूस काढायची आणि मग सकाळभर कुणाशी धड बोलायची नाही. मी काही विचारलं तर "हं" आणि धाकटेपणाने काही मागितलं तर धपाटा. दूरवर आमच्या इंजिनाची टकटक ऐकू आली की तीच आई अचानक गोड व्हायची. होड्या पन्नास असोत, आपल्या इंजिनाचा आवाज तिला बरोबर ओळखू यायचा. मला कधीच ओळखता आला नाही आणि त्यावरून मी खूप बोलणी खाल्ली.

नाताळाच्या आसपास आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून सुकायला टांगलेले असायचे आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अकरावी सायन्सचं फिजिक्सचं पुस्तक. बोळिंजला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर मी क्लासला जायची. तिथल्या मुली नोकरदारांच्या, फ्लॅटमधल्या. त्यांच्या वह्यांना प्लॅस्टिकचा वास, माझ्या वह्यांना बोंबलांचा. पहिले सहा महिने मी शेवटच्या बाकावर पंख्याच्या उलट्या बाजूला बसले. मग गणितात पहिली आले आणि पुढे जाऊन बसले. वासाचं ज्याचं त्याने बघावं. इतका ताठा मला त्या वयात होता हे आता सांगताना लाज वाटत नाही, उलट थोडा हेवाच वाटतो.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिली तिथीची. आम्ही दर रविवारी देवळात मिस्साला जाणारी माणसं (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात), पण भिंतीवरची दिनदर्शिका बघायची ती तिथीसाठी. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला सुकती. हे गणित आईला शाळेत न जाता येत होतं. सुकतीला आमचा समुद्र असा मागे सरतो, की नुसती ओली रेती आणि चिखल दिसतो, आणि होडी आत आणायचा विचारही कुणी करत नाही. बाहेर थांबायचं, पाणी भरलं की यायचं.

दुसरी गोष्ट धुराची. तेव्हा पाड्यात मोबाइल मोजून तीन, आणि तेही पाण्यावर गेलं की मुके. होडीवरच्या माणसाला घरी बोलवायचं तर किनाऱ्यावर ओल्या झावळ्या पेटवायच्या. एक धूर दिसला तर त्याला अर्थ नाही. कुणी पालापाचोळा जाळत असेल. शेजारी शेजारी दोन धूर दिसले तर मात्र असेल ते काम टाकून परत यायचं, का म्हणून विचारायचं नाही. माझी आजी गेली तेव्हा दोन धूर केले होते. एरवी माझ्या आठवणीत कधी नाही.

दोन हजार चारच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, होड्या किनाऱ्यावरच होत्या. आम्ही आदल्या दिवशी तळलेले मैद्याचे फुगे गरम करून उरलेल्या पोर्कच्या इंद्यालाबरोबर खात होतो, तोच शेजारची कत्रीनमावशी हातातलं उलथणं तसंच घेऊन दारात आली. म्हणाली, टीव्ही बघायला चला, मद्रासकडे समुद्र गावात शिरलाय. आम्ही उष्ट्या हातांनी गेलो. पडद्यावर काळपट पाणी रस्त्यावरून चाललं होतं, त्यात मोटारी, पलंग, होड्या. वारा नव्हता, पाऊस नव्हता, वर लख्ख ऊन. बाबा बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "वादळ कुठं हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं, "वादळ नाय तर पानी आलं कशानं?"

या प्रश्नाने माझं डोकं खाल्लं. सोमवारी क्लासच्या सरांना मीच विचारलं. सर एका हाताने डस्टर झटकत फार छान समजावत. समुद्राच्या तळाशी जमीन हलते, तिचा लांबच्या लांब तुकडा एकदम वर उचलला जातो, आणि त्याच्या डोक्यावरचं सगळं पाणी, तळापासून वरपर्यंत, उचललं जातं. वाऱ्याची लाट नुसती वरची साय हलवते. ही लाट म्हणजे अख्खा समुद्र हललेला. खोल पाण्यात ती विमानाच्या वेगाने पळते, पण उंची वीतभर. वरून होडी जात असेल तर तिला कळतसुद्धा नाही. उथळ पाण्यात आली की पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्याच्यावर चढतं आणि मग भिंत उभी राहते. एक लाट येऊन संपत नाही. पाठोपाठ येतात, आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. कधी कधी आधी समुद्र मागे जातो. "तेव्हा समुद्र मागे गेलेला दिसला की पळत सुटायचं," सर म्हणाले.

मी हात वर केला. "सर, आमचा समुद्र रोज दोनदा मागे जातो."

वर्ग हसला, सरही हसले, आणि मग त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "तुमच्याकडे कठीण आहे खरं," म्हणाले. एवढं शिकवणारा माणूस, पण त्यांनी समुद्र फक्त रविवारी भेळ खाताना बघितलेला.

त्या संध्याकाळी मी परात पाण्याने भरून जमिनीवर ठेवली आणि घरच्यांना शिकवायला बसले. परातीखालून बुक्की मारली, पाणी काठावरून उडालं, दादाची लुंगी भिजली. "परात धुवायची कोनी?" आईचा प्रश्न. बाबांना मात्र एकच हवं होतं. त्यांनी परातीच्या मध्यावर बोट ठेवलं.

"हितं होडी असंल तर?"

"काही नाही. कळणारसुद्धा नाही."

मग बोट काठाशी नेलं. "आन हितं?"

मी दादाच्या भिजलेल्या लुंगीकडे बघितलं. ते काठापाशी बोट ठेवून बसून राहिले. "म्हंजे आमी तितं सुखरूप," म्हणाले, "आन तुमी हितं घरात..." दादाला मात्र चेव आला. "आये, उद्यापासून आम्ही होडीवर तुमच्यासाठी रोजरी म्हनू!" आई हसली नाही. तिने परात उचलली, पाणी अंगणात ओतलं आणि भाकऱ्या थापायला बसली. मला वाटलं तिला कळलंच नाही. ते खरं नव्हतं. तिला माझ्याहून जास्त कळलं होतं, फक्त त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. पहाटे बाबा निघाले तेव्हा ती चुलीपाशी उभी राहिली, हात कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. कुणासाठी काढायचा क्रूस, जाणाऱ्यांसाठी की राहणाऱ्यांसाठी? शेवटी तिने दोनदा काढला.

असे दोन-तीन दिवस गेले. चतुर्थीच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास एक जीप लाउडस्पीकर लावून पाड्यातून गेली. मोठ्या लाटा येण्याची शक्यता आहे, खबरदारी म्हणून किनारा सोडून आत जावे, घाबरून जाऊ नये. जीप कुणाची होती, कुणी पाठवली होती, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. घाबरून जाऊ नये म्हटल्यावर माणसं जी घाबरली! कुणी देवळाकडे, कुणी बोळिंजला ओळखीच्याच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, कुणी कोंबड्या धरत बसलं. एका घरातून टीव्ही पोत्यात घालून निघाला. मी दप्तर घेतलं, पादत्राणं घातली, दप्तर ठेवलं, पुन्हा घेतलं. मी शिकलेली, मला सगळं ठाऊक, आणि मला दप्तराचं कळेना.

आई घरात नव्हती. ती किनाऱ्यावर होती. ज्यांची माणसं पाण्यावर होती त्या सगळ्या बायका किनाऱ्यावरच गेल्या होत्या, म्हणजे जिथे जायचं नाही नेमकं तिथे. पाणी ओसरत चाललं होतं. तिथीप्रमाणे ओसरत होतं की आणखी कशाने, हे एकमेकींना विचारत होत्या, आणि रोज तोंडपाठ गणित करणाऱ्या त्या बायकांना पाऊणकी आठवेना. कत्रीनमावशीने झावळ्या पेटवल्या होत्या. तिचा नवरा दुसऱ्या होडीवर. एक धूर सरळ वर चालला होता. वीस पावलांवर आईने दुसरा ढीग रचला होता, वर ओली पोती, खाली रॉकेल. काड्यापेटी तिच्या हातात होती. मला बघितल्यावर तिने ती माझ्या हातात दिली.

"पेटव."

मी म्हटलं, "आये, नको. ते तिथेच बरे आहेत. इथे बोलावलंस तर लाटेच्या तोंडात येतील."

कत्रीनमावशी ओरडली, "पोरीचं काय ऐकतंस? बोलाव पुरुषांना!"

आईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मला ओरडायच्या वेळी बघायची तशी नाही. दवाखान्यात डॉक्टरकडे बघतात तशी. "तू शिकलंस," ती म्हणाली. "आमाला नाय कलत. तू सांग. पेटवू का नको? तू सांगशील तसं."

आयुष्यात पहिल्यांदा माझी आई माझं ऐकायला तयार होती. मला उत्तर येत होतं. परीक्षेत आलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं. आणि मी तिथे उभी राहून पश्चिमेकडे बघत होते, जिथे होड्या दिसतही नव्हत्या, आणि मनात एकच होतं, की ती लाट आली तर बाबा इथे नसतील. ते वाचतील हे मला कळत होतं, पण त्याने धीर येत नव्हता. मला बाबा सुखरूप नको होते, जवळ हवे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं देऊन बघितली: वय लहान होतं, आई घाबरली होती, मावशी ओरडत होती. काही उपयोग नाही. मी काडी ओढली आणि ढिगाला लावली.

दुसरा धूर वर गेला. कत्रीनमावशी "देवा" म्हणून मटकन खाली बसली.

होड्या तासाभरात दिसल्या. चार-पाच एकामागोमाग, इंजिनं ताणून. जाळी तशीच पाण्यात सोडून आले होते, हे पुढे कळलं. आणि तेव्हा कुठे आम्हा बायकांच्या ध्यानात आलं की नऊ वाजत आले, सुकती लागली. किनाऱ्यापासून अर्ध्या मैलापर्यंत पाणीच नाही. ज्या माणसांनी जन्मात कधी सुकतीला होडी आत घातली नव्हती, ती दोन धूर बघून थेट घुसली आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून रेतीत बसली. पाणी आणखी सरलं तशा होड्या एका कुशीवर कलल्या. आता ती माणसं धड समुद्रात नव्हती, धड किनाऱ्यावर नव्हती. लाट येणारच असेल तर ती आधी तिथेच येणार होती, आणि त्यांना तिथे मी आणून ठेवलं होतं.

मी धावत सुटले, समुद्राच्या दिशेने. पाय पोटरीपर्यंत चिखलात जात होते. मागून आई येत होती, लुगडं खोचून, तोंडाने प्रार्थना की शिव्या ते ऐकू येत नव्हतं. बाबा कललेल्या होडीच्या काठावर बसले होते. दादा खाली उतरून नांगर रोवत होता.

"काय झालं? कोन गेलं?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "जीप आली होती. लाट येणार म्हणाले."

"आली?"

"नाही."

दादा चिडला होता. "तुलाच ठाऊक होतं ना! परातीत तूच दाखवलंस! मी यांना तितंच म्हटलं, रेजू सांगत होती बाहेरच थांबायचं. मग धूर केला कोनी?"

"मी," मी म्हटलं, आणि रडायला लागले.

त्याच वेळी आई म्हणाली, "त्ये बगा."

पश्चिमेला, रेतीच्या टोकाशी, पांढरी रेघ दिसत होती. ती हलत होती. आमच्याकडे येत होती. मी रोज बघितलेली भरतीची रेघ होती ती, आणि मला ती ओळखता येईना. दादा नांगर हातात घेऊन तसाच उभा. बाबांनी, जन्मभर समुद्रावर काढलेल्या माणसाने, वेळ काय झाली ते विचारलं, आणि घड्याळ आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मग त्यांनी खाली वाकून आधी आईला आणि मग मला दंडाला धरून होडीत ओढून घेतलं. दादाही चढला. आम्ही चौघं त्या तिरप्या होडीत एकमेकांना धरून बसलो, आणि रेघ जवळ आली, रेतीच्या खळग्यांतून फिरत फिरत, बोटभर पाण्याची. होडीच्या तळाला टेकली, दोन्ही बाजूंनी पुढे गेली. मागून आणखी आली. पाणी वीतभर झालं, हातभर झालं.

"भरती हाय," बाबा म्हणाले. पण ते लगेच नव्हे. बऱ्याच वेळाने म्हणाले.

आता मोबाइलवर इशारे येतात, कर्कश वाजतात. मी पुढे या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. बाबा त्या दिवशी आठ-दहा वाव खोल पाण्यावर होते, एक वाव म्हणजे सहा फूट. सुखरूप राहायला किमान पन्नास वाव पाणी लागतं म्हणतात. म्हणजे परातीच्या मध्यावर ठेवलेलं बाबांचं बोटही चुकीच्या जागी होतं. त्यांना तिथेच राहू देणं बरोबर ठरलं असतं की आत बोलावणं, याचा हिशेब मी कितीदा मांडला आणि कितीदा मोडला. नक्की काय करायला हवं होतं ते मला आजही ठाऊक नाही. ती लाट आमच्याकडे आली नाही, एवढंच.

होडी तरंगायला वेळ होता. दादाने डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. भूक कुणालाच नव्हती, तरी सगळ्यांनी खाल्लं. बाबा इंजिनावरचा चिखल पुसत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"दोन धूर दिसले तवा वाटलंच, येक तर कोन गेलं, नायतर लाट हाय. तू सांगितलं व्हतंस, ध्यानात व्हतं. सायमनपन सांगत व्हता थांबा म्हनून."

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"तुमी हितं आन मी तितं राहून काय करू?" ते म्हणाले. कापड पिळलं, पुन्हा पुसायला लागले. "पुन्यांदा असं झालं तर धूर करू नको, बाय. तू केलास तर मी येनार. म्हनून करू नको."

"नाही करणार," मी म्हटलं.

पाणी आता होडीच्या अर्ध्या अंगापर्यंत चढलं होतं. आईने भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला, गाठ मारली आणि दोघांच्याही तोंडाकडे न बघता म्हणाली, "तिनं नाय केला तर मी करीन."